घरात माणसं किती

तुरा,
४ नोव्हेंबर

मामा,

हात जोडतो आणि लगेच तक्रारीला लागतो. तुमच्या नातीने, बालसेने, इथे आल्यापासून तीन दिवस मला अंडं गरम खाऊ दिलेलं नाही. आधी मोजायचं, मग खायचं. आपल्या भाषेत अंडं गोल, म्हणून आकड्याला 'रोंग' लावून मोजा. पान सपाट, 'किंग'. डुक्कर 'मांग', माणूस 'साक'. जन्मभर न चुकता मोजत आलो, आता बालसे वही उघडून "का?" विचारते आणि मला स्वतःची बोटंही मोजता येईनात. कॉलेजात हे शिकवतात म्हणे.

बाकी ठीक. वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून पोट भरतो. तुमची लेक सिल्ची आणि तुमचा जावई, माझा भाऊ, मजेत असतील.

तुम्हाला हल्ली उठवत नाही, असं बालसे म्हणाली.

मामा, तीस वर्षं एक गोष्ट मला उलगडलेली नाही. सिल्चीसाठी घरजावई म्हणून तुमच्या गावच्या पोरांनी मला दोनदा धरून नेलं, दोनदा मी पळालो. तिसऱ्यांदाही पळालो असतो तर आपल्या रीतीप्रमाणे कायमचा सुटलो असतो. तुम्ही तिसऱ्यांदा माणसं पाठवलीच नाहीत. माझ्या भावाला नेलंत. मग मी सुटलो की नाही? तुम्ही रागावलात, की कंटाळलात? हे कळेना, म्हणून तुमच्या दारी पाऊल टाकलं नाही.

काल बालसे म्हणाली, "मोठे काका, आजोबांचं गणित कच्चं आहे."

"घराण्याची खोड आहे ती."

"ऐका तरी. घरात माणसं किती, विचारलं. म्हणाले, साकडोक, सहा. मला धरून पाचच होतो. आजी, आई, बाबा, आजोबा, मी."

"म्हातारा माणूस. चुकला."

"चुकले नाहीत. म्हणाले, एकजण बाहेर गेलाय, येईल. कोण हो?"

मी अंडं सोलत बसलो. सोललेलंच पुन्हा सोलत होतो, असं ती म्हणते.

आणखी एक. दुसऱ्यांदा पळताना लग्नविधीचा कोंबडाही मी टोपलीतून उचलला होता. वाटेत भाजून खाल्ला. मामींनी बिचाऱ्या रानमांजराला शिव्या घातल्या असतील.

हे पत्र बालसेबरोबर पुढे पाठवतोय. आज बाजारातून तांबडा कोंबडा आणला, तसाच, मोठ्या तुऱ्याचा. शनिवारी आम्ही दोघं, कोंबडा आणि मी, येतो. धरायला कुणाला पाठवू नका.

बाहेर गेलेला,
जेंगनांग