हिबिनोंच्या घरातली कॉफीबंदी

इचिनोमिया,
१५ नोव्हेंबर १९९०

चि. सौ. मिसाओवन्सं यांस,
स. न. वि. वि.

सफरचंदांची पेटी पोचली. दोन डागाळलेली निघाली ती मी खाल्ली, चांगली तुमच्या बाबांच्या फोटोपुढे देवघरात मांडली आहेत. मात्सुमोतोला तुमच्याकडे बर्फ सुरू झालं असेल. इथे नुसताच वारा आहे. कारखान्यातले माग आता चारच चालतात, त्यामुळे तुमच्या दादांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला दिवसभर वेळ असतो.

आता मुद्द्याचं. पण त्याआधी एक कबुली. गेली पस्तीस वर्षं मी दर मंगळवारी काहीतरी निमित्त काढून कालव्यापलीकडच्या ‘मिमोझा’त जाते आणि एक कप काळी कॉफी पिते. हसू नका. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी मी माहेरहून आणलेली कॉफी उकळायला ठेवली, तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या ते तुम्ही दारात उभ्या राहून ऐकलंत. त्या म्हणाल्या, या वासाने उदबत्तीचा वास मरतो आणि पितर उंबऱ्यावरूनच परत जातात. त्या दिवसापासून हिबिनोंच्या घरात कॉफी बंद. मी तरी काय करणार? तेवीस वर्षांची सून पितरांशी कुठे भांडणार!

परवा मंगळवारी ‘मिमोझा’ बंद होतं, म्हणून स्टेशनमागच्या ‘त्सुबामे’त गेले. हातात सुताचं पार्सल होतं, त्यावर आपलं आडनाव. मालकाने ते वाचलं, कमरेत वाकून नमस्कार केला आणि मला काही न विचारता भिंतीवरून तिकीट फाडलं. आपल्या गावची रीत तुम्ही विसरला नसालच. नेहमीचं गिऱ्हाईक कॉफीच्या तिकिटांचं पुस्तक घेतं आणि दुकानदार ते नाव घालून भिंतीला अडकवून ठेवतो. तिथे आपल्या नावाची दोन पुस्तकं होती, शेजारी शेजारी. एकावर ‘हिबिनो, चिरंजीव’ आणि दुसऱ्यावर ‘हिबिनो, आजी’.

मालक फार काळजीने विचारत होता की आजी आज आल्या नाहीत, गुडघा दुखतोय का. वर हेही सांगितलं की आजींना तीन चमचे साखर लागते आणि साय दोनदा.

वन्सं, मी भांडणार नाही. मला घटस्फोटही नको. या वयात कोण एवढी कागदपत्रं करत बसेल? मला एवढंच हवंय की नव्या वर्षाआधी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या खुर्चीत बसून, उजळ माथ्याने एक कप कॉफी प्यायची. त्यासाठी तुमचं डोकं चालवा. तुमचं माहेर आहे, तुम्हाला त्याच्या चोरवाटा ठाऊक.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
फुसाए

*

इचिनोमिया,
२४ नोव्हेंबर १९९०

चि. मिसाओ हिस,
अ. आ.

पत्र घरी न पाठवता कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलंस, एवढी अक्कल तुला आहे हे बघून बरं वाटलं. बाकीचं पत्र वाचून घाम फुटला. फुसाएला कळलंय आणि तरी ती गप्प आहे, याचा अर्थ तूच सांग. गेला आठवडाभर माझ्या सूपमध्ये मीठ अगदी बरोबर असतं. मला भीती वाटते.

तू मला ढोंगी म्हणतेस, ते म्हण. पण आईला मी नेलं असं म्हणू नकोस. सहा वर्षांपूर्वी मी ‘त्सुबामे’त शिरलो तर खिडकीजवळच्या टेबलावर आई बसलेली. टोस्टवर पुरणासारखी गोड लाल डाळ थापून खात होती. तिने वर पाहिलं, मला ओळखलं आणि पुन्हा टोस्टकडे वळली. संध्याकाळी घरी तिने मला एवढंच सांगितलं की आपण कुणाला काही विचारत नाही, कुणी आपल्यालाही विचारू नये.

तेव्हापासून आम्ही रोज तिथे जातो आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसतो. नमस्कारसुद्धा करत नाही. फक्त माझ्या कॉफीबरोबर येणारी शेंगदाण्याची पुडी मालक तिच्या टेबलावर नेऊन ठेवतो, तेवढाच आमचा पत्रव्यवहार.

फुसाएला यातलं काही सांगू नकोस. आणि ती स्वतः कधी कॉफी पीत नाही, बिचारी, त्यामुळे तिला यातलं सुख कळणारही नाही.

दादाला सांभाळून घे.

तोकुजी

*

मात्सुमोतो,
२ डिसेंबर १९९०

ती. सौ. फुसाएवहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि दुसऱ्या एका इसमाचं पत्र, दोन्ही वाचून मी इतकी हसले की आमच्या ह्यांनी मला पाणी आणून दिलं. त्या इसमाच्या मते तुम्हाला कॉफीतलं सुख कळत नाही. हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.

आता उपाय. आईशी वाद घालू नका. तिच्याशी वाद घालून आजवर कुणीही जिंकलेलं नाही, बाबासुद्धा नाहीत. बाबांचंच सांगते. सूत विकायला नागोयाला गेले की ते तिथे दोन-दोन कप कॉफी पीत आणि परतताना गाडीत पुदिन्याच्या गोळ्या चघळत. मला एक गोळी मिळायची, तोंड बंद ठेवण्याबद्दल.

तेव्हा असं करा. सोळा तारखेला बाबांची महिन्याची तिथी आहे. सकाळी भाताआधी देवघरात त्यांच्यापुढे कॉफीचा कप ठेवा. बाबांना आवडायची असं मिसाओने कळवलंय, म्हणून सांगा. पितर वासाने परत जातात म्हणणारी आई, पितरानेच मागितल्यावर काय बोलेल? आणि पितरांपुढचं नंतर घरच्यांनी घ्यायचं असतं, हे तिनेच आपल्याला शिकवलंय.

काय झालं ते सविस्तर लिहा. टाळाटाळ केलीत तर पुढच्या वर्षी सफरचंदं मिळणार नाहीत.

तुमची आगाऊ नणंद,
मिसाओ

*

इचिनोमिया,
१८ डिसेंबर १९९०

चि. सौ. मिसाओवन्सं यांस,
स. न. वि. वि.

जिंकले! घाईत लिहिते आहे, अक्षर गोड मानून घ्या.

सोळाला पहाटे उठून कॉफी केली. पस्तीस वर्षांत त्या स्वयंपाकघराला असा वास आला नव्हता. कप देवघरात ठेवला, घंटी वाजवली, हात जोडले. मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्याचं मला नुसत्या पावलांवरून कळलं. मी ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. त्यांनी एकदा बाबांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या की मेल्यावर तरी माणसाने खरं सांगितलं हे बरं झालं. आणि विचारलं की हा कप निवायच्या आत कुणी घेणार आहे की नाही. मी पुढे केला. तीन चमचे साखर घातली ती मी न विचारता, आणि त्यांनीही मला कसं ठाऊक ते विचारलं नाही.

तुमचे दादा दारात आले, आईच्या हातात कप बघून परत फिरले, आणि पुन्हा आले. मग मी माझ्या खुर्चीत बसले आणि माझा कप संपवला. रडू आलं. एका कपासाठी रडावं का, असं तुम्ही म्हणाल. पण आलं खरं.

नव्या वर्षाचे तांदळाचे लाडू पाठवते. असंच पाठीशी उभ्या राहा.

विजयी,
फुसाए

*

इचिनोमिया,
२० फेब्रुवारी १९९१

चि. सौ. मिसाओवन्सं यांस,
स. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला. वेळ होत नाही.

तुमच्या दादांनी काचेचं सायफन आणलंय, खाली दिवा आणि वर फुगा असलेलं. ते फोडायची भीती वाटते म्हणून स्वतः हात लावत नाहीत. सकाळी सहाला त्यांचा पहिला कप. ‘त्सुबामे’त कॉफीबरोबर टोस्ट, उकडलेलं अंडं आणि शेंगदाणे येतात, तेव्हा घरीही यायला हवेत हे ओघाने आलंच. सातला शेजारचे ओगुरी येतात, कारण वास त्यांच्या अंगणापर्यंत जातो. आठला सुताचे दलाल. सगळे म्हणतात की अशी कॉफी गावात मिळत नाही. मी वाकून आभार मानते आणि पुन्हा पाणी ठेवते.

सासूबाईंचा गुडघा जानेवारीपासून पार गेला. अंगणापलीकडे चालवत नाही. त्या खिडकीपाशी बसतात आणि कप रिकामा झाला की चमचा बशीवर वाजवतात. त्यांचं मला ओझं नाही. घरात कॉफी आहे म्हणून तर त्यांना मिळते.

‘मिमोझा’त तिथीनंतर गेलेले नाही. मंगळवारी पिशवी उचलली तर तुमच्या दादांनी अगदी प्रेमाने विचारलं की कुठे निघालीस, कॉफी तर घरात आहे. खरंच आहे. माझा कप मी मोरीपाशी उभ्याने पिते, गार झालेला. खुर्चीवर ओगुरी बसतात.

पण हे कुणाला बोलू नका. मागून घेतलेलं आहे, आता नको कुठल्या तोंडाने म्हणू? लोकांत मी सुखी आहे. तुमच्यापुढे मात्र कंटाळले आहे.

विसरू नका एवढंच.

फुसाए

*

‘मिमोझा’, इचिनोमिया,
१२ मार्च १९९१

चि. सौ. मिसाओवन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या आईंनी पुन्हा कॉफी बंद केली!

काल सकाळी ओगुरी, दलाल, सगळे बसलेले असताना त्यांनी चमचा वाजवला आणि जाहीर केलं की बाबा स्वप्नात आले होते. पितर झाल्यावर कॉफी बाधते म्हणे त्यांना. म्हणाल्या, मी जिवंत आहे तोवर या घरात पुन्हा तो वास नको. तुमचे दादा काही बोलायला गेले तर त्यांच्याकडे असं बघितलं की ते सायफन पुसायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हात लावला त्यांनी. संध्याकाळी ते ओगुरींच्या घरी गेलं.

मी चारचौघांत रडले. लाज वाटली नाही. पस्तीस वर्षांनी मिळवलेलं, आणि या बाईने तीन महिन्यांत हिसकावून घेतलं! इतकी कठोर माणसं असतात? आज पिशवी घेऊन दाणदाण पाय आपटत बाहेर पडले, कुठे जाते हेसुद्धा सांगितलं नाही. कुणाची विचारायची छाती झाली नाही.

तर इथे बसून लिहिते आहे. दुसरा कप आहे, कढत. दीड तास झाला, अजून कुणी हाक मारलेली नाही. खिडकीतून कालवा दिसतो, एक बाई बदकांना पाव घालते आहे. त्या म्हाताऱ्या बाईला मी कधीही क्षमा करणार नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. तिसरा कप मागवावा की काय, या विचारात आहे.

आपला जिव्हाळा तरी टिकू दे.

फुसाए

*

इचिनोमिया,
१५ मार्च १९९१

चि. मिसाओ हिस आईचे आशीर्वाद.

चष्मा लावूनही ओळ वाकडी जाते, वाचून घे. तू रागावून पत्र लिहिलंस, ते तोकुजीने मला दिलं आणि मी वाचेपर्यंत पळून गेला. तू विचारतेस की मला हृदय आहे का. पंच्याऐंशी वर्षं काहीतरी धडधडतंय खरं.

खरं तेच सांगते. तुझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी कॉफी बंद केली ती नुसत्या आकसाने. मी नवी सासू होते, काहीतरी बंद करायला हवं होतं. पितरांचं मला तिथल्या तिथे सुचलं. पण पुढच्या महिन्यात बघितलं तर ही पिशवी घेऊन दाताच्या डॉक्टरकडे निघालेली. मग दर मंगळवारी दात. पस्तीस वर्षं दात! एवढे दात मगरीला नसतात. परत यायची तेव्हा चालणं हलकं असायचं, आणि कोटाला कॉफीचा वास.

माझ्या सासूच्या राज्यात मी अकरा वर्षं या फाटकाबाहेर गेले नाही. बारशी आणि मयतं सोडून. वीस मजुरांचा चहा करायचे मी, आणि माझा चहा मोरीपाशी उभ्याने. तेव्हा मला कुणी काही बंद करून दिलं असतं, तर मीही कुठेतरी गेले असते. म्हणून मग मी ती बंदी उठवली नाही. तुझ्या बाबांच्या नावाने तिने कप ठेवला तेव्हा मात्र मोह झाला, गुडघा दुखत होता, गप्प बसले. ती चूक झाली. तीन महिने मी खिडकीतून बघत होते, ती मोरीपाशी उभी. एक दिवस मी चमचा वाजवला आणि ती इतक्या लगबगीने आली की मला माझ्या सासूचा आवाज ऐकू आला.

माझी चिंता करू नकोस. ‘त्सुबामे’पर्यंत आता मला चालवत नाही आणि तोकुजीच्या पाठीवर बसून जाणं शोभत नाही. मी कॉफी पीत नाही असं सगळ्यांना इतकी वर्षं भासवत आले, आता ते निदान खरं होईल.

ती माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. रागावलेली बाई घराबाहेर लवकर पडते आणि उशिरा परत येते, मंगळवारी ती अंधार पडल्यावर आली. तिला यातलं अक्षरही सांगू नकोस. मी गेल्यावरही नको. सांगितलंस तर ती रोज पहाटे उठून माझ्या फोटोपुढे कप ठेवत बसेल, तीन चमचे साखर घालून, आणि पुन्हा घरातच राहील.

लोकरीचे मोजे पाठव, जाड.

आई