तिसऱ्या महिन्याआधी

प्रिय ताई,

फोनवर मी रडेन आणि तू अमरावतीहून मिळेल त्या गाडीने निघशील, म्हणून लिहिते आहे. मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अगदी माहेरीसुद्धा नाही, असा सासूबाईंचा दंडक आहे. तरी तुला सांगते आहे.

आनंद झालाच गं, पण भीती त्याच्या आधी येऊन बसली. माझी साखर तुला नवी नाही. मी चौथीत असताना मला इन्सुलिन टोचायला तूच शिकलीस. हल्ली ती एकदम घसरते, मीटिंगमध्ये हात थरथरतात आणि मी गुपचूप ग्लुकोज चघळते. त्यात थायरॉइड. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की लहानपणी माझ्याच शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी परक्या समजून मारल्या, तसंच ते आता गळ्यातल्या ग्रंथीच्या मागे लागलंय. माझ्यासारख्या मधुमेहात हे पुष्कळदा जोडीने येतं म्हणे. मी विचारलं, मग हे शरीर बाळालाही परकं समजेल का? इंटरनेट वाचून आलात वाटतं, म्हणाल्या. मग जरा मऊ होऊन, तसं नसतं, उपाशीपोटी गोळी घ्या आणि रक्ततपासणी चुकवू नका, असंही म्हणाल्या. तिथे पटलं. विश्रांतवाडीला घरी येईपर्यंत पुन्हा पटेनासं झालं.

सकाळी उठले की आधी चादर बघते. तुझे मेहुणे शुभंकर झोपेचं सोंग करून माझ्याकडे बघत असतात. सासूबाई वाईट नाहीत गं. गोळीनंतर तासभर मला चहा चालत नाही, तर त्याही थांबतात. पण दृष्ट लागते, यावर त्या ठाम आहेत.

गेल्या दिवाळीत ऑफिसचं काम सांगून मी आले नाही, तू फुगली होतीस. काम नव्हतं. तेव्हाही दिवस होते, आणि तिसरा महिना सरायच्या आतच ते गेलं. थायरॉइडचं त्यानंतरच्या तपासण्यांत कळलं. आधी कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे गेल्याचंही सांगता येईना. कुणी भेटायला आलं नाही, कुणी जवळ घेतलं नाही. सोमवारी मी ऑफिसला गेले आणि दीपालीने डब्यातून आणलेला फराळ छान झालाय म्हणाले.

ताई, आज हे बाळ आहे. उद्याचं मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटते. काही झालंच, तर ते होतं, एवढं तुला माहीत असू दे.

तुझीच,
प्रिया