दादा, भंडारा दुसऱ्याच्या नावाला लागला

दादा,

पाया पडतो. आईला सांगायची हिंमत होईना, म्हणून आधी तुला लिहून राहिलो.

तू ट्रेनिंग केलंस त्याच किल्ल्यात मी आता कामाला हाय. तुमचं ते जुनं इंग्रजांचं चर्च आठवतं का? तिथं आता प्रार्थना होत न्हाई. भिंतीभर शहीद जवानांची नावं कोरलीत. त्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम मला मिळालं. सगळी इंग्रजी! पण रंग रेघेबाहेर गेला न्हाई बघ.

आईनं गावच्या माणसाहाती खंडोबाचा भंडारा धाडला. "दादाच्या नावाला लाव अन् फोटो पाठव." मला इंग्रजी वाचता येत न्हाई, अन् कुणाला विचारायची लाज वाटली रे! तुझ्या लोखंडी पेटीवरल्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं ध्यानात होतं. तसं एक नाव दिसलं. भंडारा लावला, डोकं टेकलं, रडलो बी. फोटो काढून आईला धाडला.

आईनं तो फोटो सेनगावात मोठा करून घेतला, देव्हाऱ्यात ठेवला. बायांना बोलावून दाखवती, "माझ्या धाकल्यानं रंगवलं!"

काल पहाऱ्यावरचे हवालदार ते पिवळं बघून थांबले. "तेरा कौन लगता है ये?"

"बडा भाई."

"अबे, ये मेरी पलटन का लडका था. केरल का!"

त्यांनी माझ्याकडून तुझं नाव विचारून घेतलं, हाताला धरून खांबामागं नेलं. खाली, गुडघ्याइतक्या उंचीवर तू होतास. मीच रंगवलेला. अन् रंग वाळल्यापासून मी तुझ्यापुढंच डबे रचत होतो, दादा!

सुट्टीवर आलास की मला पाटी घेऊन बसवायचास. मी शेरडांमागं पळायचो. तू नुसता हसायचास. काहून हसलास? दोन तडाखे द्यायचे होते!

त्या पोराचा भंडारा पुसायला गेलो तर हवालदारांनी हात धरला. "रहने दे. उसके घर से कोई आया नहीं."

आज सकाळी आईचा फोन होता. तुला पुरणाचा निवद दाखवला म्हणाली. मी नुसतं "बरं" म्हणालो. ती तिकडं कुणा परक्या लेकराला रोज हात जोडून राहिली, अन् मी बरं म्हणालो!

दिवाळीला गावी जातो. फोनवर न्हाई, तिच्यापुढं बसून सांगीन. शिव्या देईल, खाईन. मग तिला इथं आणीन. तो फोटो देव्हाऱ्यात ठेवायचा का काढायचा, तीच ठरवील. तुला भंडारा तिच्याच हातानं लागंल. शप्पथ.

तुझा धाकला,
मल्हारी