कुमुदिनीला कारंजं चालत नाही

बेंगळुरू, ८ जून २०२५

ती. ताईस रत्नाकरचा शि. सा. न. वि. वि.

तुझा लेक योगीराज काल इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कामावर जाताना वाट वाकडी करून आला आणि तेलाचा डबा माझ्या हाती ठेवून गेला. आत काळा गाळ, गोगलगाई आणि चार मळकी पानं. आईच्या हातची कुमुदिनी म्हणतात ती हीच ना? पोरगा हे बेळगावपासून बसमध्ये मांडीवर घेऊन आला आणि शेजारच्या प्रवाशाने तक्रार केली नाही, याचंच मला नवल वाटलं.

आमचं तळं तू पाहिलेलं नाहीस. निळ्या फरशा, पाणी गाळायचं यंत्र आणि मधोमध तीन तोंडांचं कारंजं. निवृत्तीनंतर लोक देवळात जाऊन बसतात, मी हे उभं केलं. वसाहतीत सध्या देशी पाणवनस्पती लावायची टूम निघाली आहे, म्हणून तुझ्या डब्याला आत प्रवेश मिळाला. गाळ धुऊन गटारात घालवला आणि मुळं स्वच्छ कोकोपीटमध्ये लावली. शेजारचे महांतेश कुंपणावरून सांगत होते की स्वल्प माती घाला. त्यांचा जन्म गेला न्हाणीघराचे नळ विकण्यात. त्यांच्याकडून मी झाडं शिकायची म्हणजे झालंच!

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून हा पत्रांचा खटाटोप. लोभ आहेच, उपदेश करून तो कमी करू नकोस.

तुझा रत्नाकर

बेळगाव, २३ जून २०२५

चि. रत्नाकर यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. सरकारी कारखान्याने तुला इतकी वर्षं कसं पोसलं हे कोडंच आहे. कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, तो पाण्यावर तरंगतो रे शहाण्या. एव्हाना तळ्यात चहाची पूड सांडल्यासारखं दिसत असेल. आणि वर कारंजं! कुमुदिनीला शांत पाणी लागतं, पानांवर सतत पाणी पडलं की ती कुजतात. आई हे येताजाता सांगायची, पण तू घड्याळं उघडण्यात गुंग. त्यातलं एकही तुला परत जोडता आलं नाही.

आता नीट ऐक. दसऱ्यानंतर हे घर पडणार. योगीराजने बिल्डरला दिलं, मला पाचव्या मजल्यावर ठेवणार आहेत. परसातल्या हौदात त्यांच्या माणसांनी आत्ताच सिमेंट ओतलं, आत एक पान उरलेलं नाही. आईची कुमुदिनी आता जगात असलीच तर तुझ्याकडे आहे. हे मला आधी कळतं तर तुझ्या हाती मी ती दिली नसती. मला झोप लागत नाही. कारंजं बंद कर आणि खाली चिकण गाळ घाल.

चि. सौ. देवश्रीस आशीर्वाद. तुझ्याबरोबर संसार करते म्हणून आणखी एक.

विद्या

बेंगळुरू, १७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कोकोपीट वर आलं हे खरं. नर्सरीवाला गाढव निघाला, त्याला मी काय करू? दोन पानं अजून आहेत, तीही पिवळी. पण कारंजं बंद होणार नाही. पंधरा ऑगस्टला अख्खी वसाहत ते पाहायला आली होती. आता कुणी विचारलं तर काय सांगू, बहिणीला झोप लागत नाही म्हणून?

बँकॉकची जांभळी कमळं मिळतात, ताटाएवढी. तुलाही एक पाठवतो, पाचव्या मजल्यावर बादलीत ठेव. राग आला तरी लोभ राहू दे.

रत्नाकर

बेळगाव, ३० ऑगस्ट २०२५

चि. रत्नाकर यास आशीर्वाद. ते द्यावेच लागतात.

कमळ पाठवू नकोस. आईच्या तेराव्यालाही तू यंत्र बिघडलं म्हणून कारखान्यात गेला होतास. तेव्हा मी काही बोलले नाही, आताही बोलत नाही. त्या झाडाबद्दल यापुढे लिहू नकोस.

विद्या

बेंगळुरू, ५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितो. तुझ्या झाडाला काल फूल आलं. रुपयाच्या नाण्याएवढं! पांढऱ्या पाकळ्यांना झालर, मधे पिवळा ठिपका आणि दुपारी मिटूनही गेलं. एवढ्यासाठी आपल्या घराण्याने हौद अडवून ठेवला होता! कारंज्याचा पंप जळला आहे, त्याचा फायदा त्या वेलीने घेतला. भलता समज करून घेऊ नकोस.

आता तू त्यातलं रोप मागशील. मिळणार नाही. पाचव्या मजल्यावर तू ते मारशील.

उरलेल्या जागेत देवश्री लिहील. लोभ होता तेवढा आहे.

रत्नाकर

ती. वन्संना सा. न.

पंप जळलेला नाही. तुमचं शेवटचं पत्र आलं त्याच संध्याकाळी ह्यांनी स्वतःच्या हाताने त्याची वायर कापली. दुसऱ्या दिवशी महांतेशांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर बादली घेऊन गावाबाहेरच्या तलावाकाठचा गाळ आणला. कपडे मी अजून धुते आहे.

तळ्याकडे खिडकी असलेली खालची खोली ह्यांनी रिकामी केली, यंत्रांची खोकी गच्चीवर गेली. खाट खिडकीशी लावली आहे. पडल्यापडल्या तुम्हाला पाणी दिसेल की नाही, ते स्वतः आडवं होऊन पाहतात. मी आत गेले की पाठ दुखते म्हणतात.

तुम्हाला या म्हणणं ह्यांच्या तोंडून निघायचं नाही. इतक्या वर्षांत पत्रात माझ्यासाठी दोन ओळींपलीकडे जागा ठेवली नव्हती, आज अर्धा कागद कोरा सोडला आहे.

फूल सकाळी उमलतं. रात्रीच्या गाडीने निघा.

तुमची देवश्री