गळतीवर घट्ट उपाय

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी लिहायची. डोकं शांत राहत नाही. दुकानात बसलं की घरी जावंसं वाटतं, घरी आलं की आरशासमोर.
मुद्दा केसांचा. मला टक्कल पडत नाहीये. केस मुळात बारीक आहेत आणि जागा जास्त आहे, एवढंच.
वय तेहतीस. पाटोद्यात वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. २ मार्चला केजला मुलगी बघायला जायचंय. तोपर्यंत डोकं तयार पाहिजे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सापडलं. ‘प्रोटेक्टिव्ह हेअरस्टाइल’. डोक्याला चिकटून वेण्या घालायच्या. मग वाऱ्यानं, कंगव्यानं, टॉवेलनं केस तुटत नाहीत. पुरुषसुद्धा घालतात. मी गणपतीपासून केस वाढवतोय ते उगीच नाही, आतून मला माहीत असणार. आईनं परवाच विचारलं होतं, कसला नवस हाय का.
शिवानीला फोन केला. धाकटी बहीण, बीडला तिचं लेडीज पार्लर आहे. ती म्हणाली, बारीक केसांना थोड्याच वेण्या घालाव्यात, जाड आणि सैल. कपाळाजवळचे केस मोकळे सोडायचे. दोन आठवड्यांनी सोडून डोक्याला विश्रांती द्यायची. ओढ बसली की केस मुळासकट जातात.
ऐकून घेतलं. पण तिचं सगळं ज्ञान बायकांच्या केसांवरचं.

९ फेब्रुवारी, रविवार
बीडला गेलतो. शिवानीनं सहा वेण्या घातल्या. अजिबात दुखलं नाही. इथंच शंका आली. येताना एसटीच्या काचेत पाहिलं, तर पेरणी चुकलेल्या रानासारखं डोकं. मधे मधे नुसती जमीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.
गिऱ्हाईक नसताना विचार केला. पाइप कधी गळतो? क्लॅम्प सैल असला की. उपाय काय? आवळणे. केसांचीही गळतीच. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही?
सहाच्या सहा वेण्या सोडून टाकल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आप्पांना सांगितलं, माल बघायला बीडला जातो. शिवानीला कळवलं नाही. बसस्टँडमागं हनुमानचं जेंट्स सलून आहे, त्यानं वेण्यांच्या फोटोंचा बोर्ड लावलाय. त्यानं बारीक बारीक वेण्या घालायला घेतल्या. भरीव दिसाव्यात म्हणून आत खोटे केस मिसळले. ओझं आलं, पण श्रीमंत ओझं.
मधे त्यानं विचारलं, दुखतंय का, सैल करू का. म्हणालो, आणखी आवळ. डोळ्यांतून पाणी येत होतं. सलूनमध्ये पावडर लई उडते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी आरशात पाहून खूश. कपाळावरच्या आठ्या गेल्या. भुवया वर सरकल्या. पाच वर्षांनी लहान दिसतोय.
आप्पांनी विचारलं, कावून दचकलास? म्हणालो, दचकलो नाही, हा आता माझा चेहरा आहे. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं.
दुकानात एकानं मोटार फारच पाडून मागितली. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि आपणहून भाव वाढवून दिला. म्हणजे धंद्यालाही फायदा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं दुखतंय. यंदा ऊन लवकर सुरू झालं.
कानांच्या वर बारीक पुटकुळ्या. डास.
रेशमी अभ्र्यावर झोपलं की केस घासत नाहीत, असं शिवानी म्हणाली होती. आईच्या इरकलीच्या ब्लाऊजपीसचा अभ्रा केला. रात्रभर डोकं उशीवरून घसरत होतं. आईला अजून कळलेलं नाही.
उशीवर केस सापडले, बरेच. घाबरण्यासारखं काही नाही. कपाशीची विरळणी करतात, तेव्हा अशक्त रोपं काढतातच. राहिलेली जोमानं वाढतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
कुशीवर झोपता येत नाही. पालथंही नाही. उताणं झोपलं की गाठी टोचतात. म्हणून पहाटेच उठून गच्चीवर चकरा. आरोग्याला चांगलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
शिवानी आली. माझ्या कपाळाच्या कडेला बोट टेकवलं. मी ओरडलो.
“दादा, आजच सोडू दे मला. कडंचे केस मुळातून गेले तर परत येतीलच असं न्हाई.”
तिला क्लॅम्पचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, पाइपाला जीव नसतो. मी म्हटलं, आठवडाच राहिलाय, मुलगी बघून आल्यावर सोडू. चहा अर्धा टाकून गेली. शिकलेली माणसं हट्टी असतात.

२ मार्च, रविवार
केजला जाऊन आलो. मुलीचं नाव प्रियदर्शनी. डी.फार्म. झालीय, मेडिकलवर बसते. मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं.
ती आपणहून बोलायला लागली. तिच्या दुकानात एक म्हातारे बाबा आले, गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढं केलं आणि म्हणाले, पाकीट चांगलं हाय, ह्याच्यातच परत भरून द्या. सांगताना तीच हसत होती. मला पोटातून हसू आलं. पण हसायला गाल वर गेले आणि दोन्ही कानशिलांत करंट बसावा तशी कळ गेली. हसू गिळलं.
तिनं आणखी एक किस्सा सांगितला. तो याहून चांगला होता. मी ताठ बसून राहिलो. शेवटी तिनं विचारलं,
“तुम्हाला मघापासून कशाचं आश्चर्य वाटतंय?”
म्हणालो, कशाचंच नाही. मग खालून हाक येईपर्यंत दोघंही पाण्याच्या टाकीकडं बघत होतो.
मुलगी आवडली. आजवर पाहिलेल्यांत पहिल्यांदाच.

५ मार्च, बुधवार
स्थळ आणणाऱ्या राधाकिशनकाकांचा फोन. नकार.
कारण विचारलं. केसांबद्दल एक शब्द नाही. म्हणजे हेअरस्टाइल पास झाली, हे नोंदवून ठेवतो. ती म्हणाली म्हणे, मुलगा वाईट नाही, पण हसत नाही. मी बोलत होते तर भूत बघितल्यासारखा बघत होता.
जेवलो नाही. ऊन.

६ मार्च, गुरुवार
शिवानीकडं गेलो. तिनं पार्लर बंद ठेवलं आणि तेल लावून एकेक वेणी सोडत बसली. कडेच्या वेण्या सोडाव्या लागल्या नाहीत, तशाच हातात आल्या. तिनं त्या मला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळल्या. मला दिसल्या.
मी म्हणाले होते ना, असं ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्वचेच्या डॉक्टरला दाखव, काही महिने काहीही बांधू नकोस, एवढंच सांगितलं.
कपाळ दोन बोटं वर गेलंय. भुवया खाली आल्या. आप्पा म्हणाले, आता आपला वाटतोस.

१९ एप्रिल, शनिवार
डॉक्टरांचं औषध चालू. केस एकदम बारीक कापलेत.
नवा विचार. प्रियदर्शनीला मी हसताना दिसलोच नाही. म्हणजे तिनं ज्याला नकार दिला तो मी नव्हतोच. सोमवारी केजला एका गिऱ्हाइकाची मोटार पोचवायची आहे. वाटेत मेडिकल. डोकेदुखीची गोळी मागायची, बोलणं काढायचं आणि योग्य जागी हसायचं. आरशासमोर सराव केला. हसताना चांगला दिसतो.

२० एप्रिल, रविवार
सकाळी राधाकिशनकाकांचं स्टेटस पाहिलं. केजचा साखरपुडा. प्रियदर्शनी आणि अंबाजोगाईचा मुलगा.
मुलाच्या डोक्यावर काहीतरी चमकत होतं. वाटलं फ्लॅश असेल. फोटो मोठा केला. फ्लॅश नाही. पूर्ण टक्कल, कडेलासुद्धा काही नाही.
तो काहीतरी सांगतोय आणि ती इतकी हसतेय की नथ वाकडी झालीय.
मुलगा चांगला दिसतो.