बाहेर नेण्यास मनाई

११ जून १९७८, रविवार

आज निर्णय घेतला. गाडी स्वतः दुरुस्त करायची.

इंजिनात टिकटिक आवाज आहे. गेल्या दिवाळीत सेकंडहँड मोटारसायकल घेतली तेव्हापासून आहे. काल मकदूम मेकॅनिककडं नेली. त्यानं टाकीला कान लावला, बिडी विझवली आणि म्हणाला, "खोलके देखना पडता साब." काय खोलणार, कशासाठी खोलणार, सांगेना. विचारलं, या गाडीचं कंपनीचं पुस्तक आहे का तुझ्याकडं? तर हसला. पुस्तक न वाचता इंजिनाला हात लावणारा माणूस. त्याच्या हातात मी गाडी देणार नाही.

मी ग्रंथपाल आहे. जगात जे जे आहे ते कुठल्या ना कुठल्या पुस्तकात आहेच. हार्मोनियम मी पुस्तकावरून शिकलो. पोहायलाही शिकलो, फक्त पाण्यात उतरायचं राहिलंय.

बायकोला, महानंदाला, सांगितलं. ती म्हणाली, "आवाज होतोय तर होऊ द्या की. वर्गात बसल्या बसल्या मला कळतंय तुम्ही आलाय ते." बायकांना यंत्रातलं कळत नाही.

ती शिकवते ती शाळा वळसंगच्या पुढं. एसटी फाट्यावर सोडते, तिथून आत चालत. एवढ्यासाठी तर गाडी घेतली. वाचनालय सकाळ-संध्याकाळ असतं, मधल्या वेळात तिला सोडणं-आणणं बसतं. उद्या शाळा उघडेल. टिकटिक बंद करूनच दाखवतो.

१३ जून

गाडीच्या एजन्सीत गेलो. म्हटलं, सर्व्हिस मॅन्युअल पाहिजे. शेठ म्हणाले, ते गिऱ्हाइकाला नसतं. म्हटलं, दाखवा तरी. दाखवलं. काचेच्या कपाटात, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, वर उदबत्तीची राख. कपाट काही उघडलं नाही. काचेतून दिसलं तेवढं वाचलं: भाग पहिला.

किंमत विचारली. ऐकून स्टुलावर बसलो. शेठनी पाणी मागवलं. म्हणाले, एवढंच असेल तर कंपनीला लिहा.

लिहिलं. रजिस्टर्ड. इंग्रजी बरं उतरलंय.

२ जुलै, रविवार

काल कंपनीचं उत्तर आलं. सुंदर टायपिंग. आपल्या जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा.

३ जुलै

साधला. तो म्हणाला, कंपनीशी साधा.

१५ जुलै, दुपारी १

पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून व्ही.पी. आली. पोस्टमनला चहा पाजला. आईनं पार्सलला हळदकुंकू लावलं. आता बघतो मकदूम.

दुपारी २

ते मॅन्युअल नाही. गाडीच्या मालकासाठी माहितीपुस्तिका आहे. पेट्रोल कुठं ओतावं, हॉर्न कुठलं बटण दाबल्यावर वाजतो. बाकी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच वाक्य: गाडी विक्रेत्याकडे न्यावी.

हॉर्नचं प्रकरण तसं चांगलं लिहिलंय.

६ ऑगस्ट, रविवार

नीट विचार केला. मॅन्युअल आज ना उद्या मिळणारच. मग तोवर वेळ का घालवायचा? इंजिन आत्ताच खोलून ठेवलं की पुस्तक हातात आल्या आल्या जोडायला सुरुवात. वेळेची केवढी बचत. आणि खोलायला पुस्तक लागत नाही, नट उलटा फिरवला की सुटतो.

सकाळी बसलो, संध्याकाळी इंजिन संपलं.

प्रत्येक भागावर चिठ्ठी डकवली. वाचनालयाचीच पद्धत: वर्ग, उपवर्ग, क्रमांक. घरची खळ. महानंदाच्या माहेरून आलेली आंदणातली चादर ओसरीवर पसरली आणि सगळे भाग त्यावर ओळीनं मांडले. कुठल्यानंतर कुठला सुटला, लहान पोरालाही कळेल. कंपनीनं यावं आणि बघून जावं.

महानंदानं ते बघितलं. म्हणाली, "उद्या मला कोण सोडणार?" म्हटलं, आठ दिवस एसटीनं जा. फार तर पंधरा.

चादरीचं तिनं काही काढलं नाही. मोठ्या मनाची आहे.

२४ ऑगस्ट

महानंदाची परतीची एसटी चुकली. फाट्यावर एकटी उभी होती. घरी आली तेव्हा दिवे लागून गेले होते. चपलेला चिखल. पाय धुतले, जेवली, वह्या तपासायला बसली. काही बोलली नाही. बोलली असती तर मी एजन्सीचं वागणं तरी तिला समजावून सांगितलं असतं.

निश्चय: या महिन्यात मॅन्युअल. काहीही होवो.

५ सप्टेंबर

काही झालं नाही.

पण आज एजन्सीच्या दारात रावजी भेटले. माढ्याचे, ऊसवाले. माझ्यासारखेच हात हलवत बाहेर आले. म्हणाले, "आमची बी तसलीच गाडी हाय की. गोठ्यात हुबी हाय. कोंबडी तिच्या सीटवर अंडी घालती." त्यांनाही पुस्तकच पाहिजे. बरं वाटलं. म्हणजे मी वेडा नाही.

समोरच्या हॉटेलात बसून आम्ही मोटारसायकल मालक संघ स्थापन केला. मी अध्यक्ष, रावजी सभासद. ठराव पहिला: कंपनीचा तीव्र निषेध. ठराव दुसरा: भजी मागवावी. दोन्ही एकमतानं मंजूर.

२८ सप्टेंबर

कसं लिहू.

आईनं आज दसरा काढला. दरवर्षी काढते. घरातलं धुवायचं ते सगळं धुते, घासायचं ते सगळं घासते. मला माहीत होतं. लक्षात नव्हतं.

वाचनालयातून आलो तर ओसरी रिकामी. चादर दोरीवर वाळत होती. विचारलं, आई, इंजिन? आई म्हणाली, "घासलं की. लई काळं झालं हुतं. चिच लावली, राख लावली, आता बघ कसं भांड्यावानी लख्ख झालंय." आणि झालंय. ते नाकारता येत नाही. स्वयंपाकघरात लाडवांच्या मोठ्या डब्यात सगळं भरून ठेवलंय. मोठं खाली, लहान वर, वॉशर तांब्यात.

चिठ्ठ्या मोरीत गेल्या. मी मोरीपाशी उकिडवा बसून शोधल्या. एकच मिळाली. 'वर्ग सहा' एवढंच वाचता आलं. सहाव्या वर्गात काय होतं ते आता आठवत नाही.

आई विचारत होती, अरे काय हरवलं, सांग तर. तिला काय सांगायचं. ती या वयात सकाळपासून राखेत हात घालून बसली होती, मला बरं वाटावं म्हणून.

रडू आलं. लिहून ठेवतो, हे कुणी वाचणार नाही.

१२ ऑक्टोबर

खंडेनवमीला आईनं डब्याची पूजा केली. झेंडूचा हार घातला.

आज तो डबा घेऊन मकदूमकडं गेलो. माणसानं अहंकार ठेवू नये. त्यानं झाकण उघडलं, पिस्टन उचलला, हुंगला. म्हणाला, "इसमें तो इमली की बास आरी साब." मग म्हणाला, दुसऱ्यानं खोललेलं आपण बसवत नाही, आपलं नाव खराब होतं. जोडून आणा, मग खोलून देतो.

एक झेंडूची पाकळी गिअरमध्ये अडकली होती, ती काढून माझ्या हातावर ठेवली.

१५ ऑक्टोबर, रविवार

इतके महिने मी मूर्खासारखा स्वतःच्या खिशात बघत होतो. माझ्याकडं अख्खं वाचनालय आहे!

आज समितीची बैठक होती. खरेदीच्या यादीत मॅन्युअल घातलं. अध्यक्ष आप्पा वकील म्हणाले, हे कथेत मोडतं की कादंबरीत? मी म्हटलं, उपयुक्त वाङ्मय. अनुदान पडून होतं आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती. मंजूर. संस्थेच्या कागदावर मागणी गेली की कंपनीला नाही म्हणता येणार नाही.

महानंदाला सांगितलं, झालं आता, दिवाळीची सुट्टी संपली की गाडीवरून जायचं. तिनं ऐकलं. तिला कुकरची शिट्टी मोजायची होती बहुतेक.

१२ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी संपली. मॅन्युअल नाही.

मुख्याध्यापकांनी महानंदाला सांगितलंय, रोज उशीर होतो, गावातच खोली घ्या. निंगव्वा म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या घरात एक खोली मिळाली. आज महानंदानं ट्रंक भरली. स्टोव्ह, दोन पातेली, वह्या. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी म्हटलं, हे तात्पुरतं आहे, पुस्तक येईपर्यंत. महानंदा म्हणाली, "शनिवारी येते की." मग आईला म्हणाली, यांच्या दुधात साखर कमी घाला.

घर मोठं वाटतंय. दोनच खोल्या आहेत, पण वाटतंय.

२४ नोव्हेंबर

आलं. दोन भाग. कापडी बांधणी. आकृत्यांची पानं घडीची, उलगडली की टेबलभर. मी वास घेतला. मग रजिस्टरात नोंद केली, शिक्का मारला, आणि वर्गाची चिठ्ठी डकवता डकवता हात थांबला.

हा संदर्भ ग्रंथ. संदर्भ ग्रंथ बाहेर नेण्यास मनाई. नियम माझाच आहे. आप्पा वकिलांनी शब्दकोश घरी नेला होता आणि त्यांचा नातू जन्मून चालायला लागला तरी परत केला नव्हता, तेव्हा मीच हा ठराव मांडला होता. पाटीही मीच रंगवली. लाल अक्षरात.

संध्याकाळी आप्पा वकिलांकडं गेलो. म्हटलं, एक रविवार, फक्त एक रविवार अपवाद करा. त्यांनी चष्मा लावून मला नियम वाचून दाखवला. कुठंही फट नाही. त्या वेळी मी फार बारकाईनं लिहिला होता.

२७ नोव्हेंबर

पुस्तक गाडीकडं येत नसेल तर गाडीनं पुस्तकाकडं जावं. एवढी साधी गोष्ट.

आजपासून इंजिन पिशवीतून वाचनालयात न्यायला सुरुवात. भाजीच्या पिशवीतून, थोडं थोडं. मागच्या टेबलावर मांडतो.

१ डिसेंबर

अडचणी. एक: पेन्शनर सभासद पंख्याखाली वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर माझा पिस्टन ठेवतात. दोन: संपादकीयाला ग्रीस लागलं, लेखी तक्रार आली. तीन: रावजी.

मी संघाचा अध्यक्ष या नात्यानं त्यांना पत्रानं कळवलं होतं. ते माढ्याहून पहिल्या गाडीनं येतात आणि वाचनालय उघडायच्या आधी दारात उभे असतात. जो वाचक आधी येईल त्याला ग्रंथ आधी. हाही नियम आहे. रावजी पानापानावर बोट ठेवून बसतात. विचारलं, झालं का? म्हणाले, "इंग्रजी येत न्हाय वो. चित्रं बगतोय. लई ब्येस काडल्याती." सकाळ-संध्याकाळ चित्रं बघितली. मी शेजारी गिअर हातात घेऊन उभा.

महानंदा गेल्या शनिवारी आली नाही. शाळेत कसला कार्यक्रम होता म्हणे. असेल.

९ डिसेंबर, शनिवार

रावजींची ऊसतोड सुरू झाली. आज आले नाहीत. मॅन्युअल माझं.

दार उघडलं, झाडलोट नंतर म्हटलं. हात धुतले. जोडणी मागाहून, आधी रोगाचं मूळ. भाग दुसरा, शेवटून दुसरं प्रकरण: आवाज. एकेक आवाज क्रमानं दिलाय. खडखड, घरघर, शिट्टीसारखा. मग टिकटिक. आपलीच. अगदी आपलीच वर्णन केलीय. जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

खाली लिहिलंय: या गाडीच्या इंजिनात असा हलका आवाज येणे स्वाभाविक आहे. गाडी सुरळीत चालत असल्यास काहीही करू नये. विशेषतः इंजिन उघडू नये.

परत वाचलं. शब्दकोश काढला. एकेक शब्द पाहिला. शब्दकोशातही तेच.

पेन्शनर मंडळी आली. त्यांना वर्तमानपत्र दिलं. पिस्टन दिला.

१० डिसेंबर, रविवार

काल रात्री महानंदा आली. हडकलीय, पण चेहरा बरा आहे. सांगत होती, गावात पाणी गोड आहे, निंगव्वा तिला कन्नड म्हणी शिकवते, संध्याकाळी पोरं अभ्यासाला येतात.

आज दुपारी तिला तो उतारा दाखवला. पुस्तक आणता येत नाही, म्हणून मी हातानं उतरवून आणला होता, खाली पान क्रमांकासकट. वाटलं हसेल. किंवा जूनमधलं स्वतःचं बोलणं मला ऐकवेल. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. तिनं वाचला. कागदाची घडी घालून परत दिला. म्हणाली, "वर्गातली पोरं अजून विचारतात, बाई, टिकटिक कवा येनार."

मी म्हटलं, जोडतोय. पुस्तकात सगळं आहे. संक्रांतीपर्यंत.

"बरं," म्हणाली.

मग उठली. जोडणीसाठी मी ओसरीवर चादर परत पसरून ठेवली होती, ती तशीच, रिकामी. तिनं ती उचलून अंगणात झटकली, चौघडी घालून पिशवीत ठेवली. म्हणाली, तिकडं थंडी फार आहे. मी म्हटलं, हो, ने की. तिचीच आहे.

पाचची एसटी. मी म्हटलं, मी सोडतो. आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. घेतल्यावर लक्षात आलं. तिनंही बघितलं, आणि चपला घालायला लागली. किल्ली परत ठेवायला नको वाटलं.

स्टँडपर्यंत सोडलं. चालत.