मेंढराचा कान

सणसर, बुधवार
फेब्रुवारी १९९७

प्रिय राजनंदिनी,

एकसष्ट! तुझं कार्ड मी तीन वेळा हातात घेतलं आणि तिन्ही वेळा तोच आकडा निघाला. जर्मनमध्ये शंभरात एकसष्ट. सहामाहीला त्याच जागी बावीस होते आणि खाली तांबडी रेघ. शेजारच्या दगडाबाईला दाखवायला गेले तर ती म्हणाली, वैनी, कार्ड उलटं धरलंय तुमी. धरलं असेल. पास ते पासच.

हा कागद लिहायला सकाळपासून बसले आहे. तिसरी अर्धी सोडलेली बाई मी, जोडाक्षर आलं की पेन्सिल अडते. पण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे पत्र नाही.

दिवाळीत तुझा बाप, आमचा दादासो, ओट्यावर सगळ्यांसमोर काय बोलला, ते तू विसरली नसशील. पूर्वपरीक्षेत सगळ्या विषयांत पास झाली तर दहावीच्या बोर्डाला बसेल. एकात जरी गचकली तरी पेटी उचलून बारामतीहून घरी, आणि कळसच्या रणजितचं स्थळ पक्कं. तुझ्या आईच्या हातातली करंजी तशीच हातात राहिली. तू गोठ्यामागं जाऊन जर्मनच्या पुस्तकावर रडत बसलीस. देअर, डेन, डेम. मला वाटलं, पोरीला कुणी करणी केली की काय!

मग हळूहळू सांगितलंस. पेपरात जर्मनमध्ये 'माणसाला कुत्रा चावला' असं वाक्य होतं, आणि तू अर्थ लिहिलास, माणूस कुत्र्याला चावला. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि बारामतीच्या पोरी आठवडाभर तुला बघून भुंकत होत्या. मला हसू आलं होतं, रागावू नकोस. असं कसं झालं ग, म्हटलं, तर म्हणालीस, माणूस वाक्यात आधी आला होता, म्हणून मला वाटलं चावणारा तोच.

हे मात्र मला कळलं. तुझ्या आजोबांबरोबर मी बारा वर्षं मेंढरांमागं फिरले. कळप रस्त्यानं निघाला की परका माणूस पुढं चालणाऱ्यालाच धनी समजायचा. पुढं असायचा आमचा गडी सावळाराम. तोही लबाड, पटका नीट करून रामराम घ्यायचा. धनी सगळ्यात मागं, लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन, धुळीनं इतका माखलेला की मलाही ओळखू यायचा नाही. आणि पाण्यावर दोन कळप एकात एक मिसळले तर? कोणतं मेंढरू कुठं उभं आहे यावरून वाटायला गेलीस तर काठ्या निघतील. तिथं कान बघायचा. आमची खूण डाव्या कानाला, खालून काप. मेंढरू पुढं राहू दे नाहीतर मागं, कुणाचं ते कान सांगतो.

तू रडायची थांबलीस. म्हणालीस, आजे, नावाच्या आधी लागणारं हे देअर-डेन म्हणजे कानच की! माणसाला डेन लागलाय, म्हणजे चावा त्याला बसला. कुत्र्याला देअर, म्हणजे चावणारा तो. मग दोन दिवस आपण कुत्रा कुठंकुठं नेऊन टाकला. कधी शेवटी, कधी आधी. मला अर्धंही कळत नव्हतं, पण तू एकदाही चुकली नाहीस.

शनिवारी दादासो कार्ड आणायला बारामतीला गेला. तुझ्या आईनं चूल तीनदा पेटवली आणि तीनदा विझू दिली. चारची एस्टी आली, तो उतरला. कार्ड फळीवर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेला. इतका वेळ हातपाय धुताना त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. पास झाली का रं, म्हटलं, तर व्हय, एवढंच. मला वाटलं खिशातून पेढे काढील. तर म्हणाला, पास झाली म्हणून काय जर्मनीला नांदायला जायचीय का? कळसचे लोक थांबत न्हाईत. पोरगा कारखान्यात चिकटलाय, असं स्थळ पुन्हा येत न्हाय. मी म्हटलं, सगळ्यांसमोर शब्द दिला होतास. तर म्हणाला, आई, तुला न्हाय कळत त्यातलं.

मला कसं कळत नाही? मला नरसिंहपूरच्या यात्रेला म्हणून नेलं होतं आणि तिथंच हळद लावली. तिसरीचं पुस्तक मी पिशवीत घेतलं होतं, येताना गाडीत धडा वाचू म्हणून.

काल दुपारी अंगणात बाजरी पाखडत होते. दादासो आणि माझा धाकटा, तुझा सोपानकाका, जीपपाशी बोलत होते. मला कमी ऐकू येतं असा त्यांचा समज आहे, आणि मी तो मोडलेला नाही. सोपान शुक्रवारी जीप घेऊन तुझ्या वसतिगृहावर येणार आहे. सांगणार, आजी शेवटच्या घटका मोजतेय, सारखं तुझंच नाव घेतेय, आहे तशी चल. रविवारी साखरपुडा. म्हणून हे पत्र दूधवाल्या कुंडलिकच्या टेम्पोतून पाठवते आहे, ते त्याच्याच हातून घे. मी ठणठणीत आहे. आज दोन भाकऱ्या आणि ठेचा खाल्ला. सोपान छाती बडवून रडला तरी जीपमध्ये बसायचं नाही. वसतिगृहाच्या बाईंना हा कागद दाखव आणि त्यांच्या मागं उभी राहा. आणि ऐक, मी आता सत्तरीची आहे. मार्चपर्यंत एखाद वेळेस सोपान खरं सांगायलाही येईल. तेव्हाही येऊ नकोस. बोर्डाचा शेवटचा पेपर दे, मग सावकाश ये. तोवर माझं जे काय करायचं ते ही माणसं करतील.

तुझीच, आणि आज बुधवारी चांगली जिती-जागती,
भागूबाई आजी